बावन्न ग्रॅम

शाळेत त्यांना सगळे खटपटी बाई म्हणत, आणि ते काही कौतुकाने नव्हे. स्वस्थ बसवेल तर शपथ! सातवीच्या वर्गाला विज्ञान शिकवायचं, तास संपला की फळा पुसायचा आणि घर गाठायचं, इतकं सरळ काम. पण बाईंना ते पचेना. पोरांना विज्ञान म्हणजे पाठ करायच्या व्याख्या वाटतात, ते शिकून माणूस पुढे काय काय होऊ शकतो हे त्यांना कोणी दाखवतच नाही, असं त्यांच्या डोक्यात बसलं. मग काय विचारता! मुख्याध्यापिका, म्हणजे मोठ्या बाई, यांच्या मागे लागून त्यांनी दर गुरुवारचे शेवटचे दोन तास मिळवले. त्या तासांना नाव पडलं कामाचे तास.

कामाच्या तासाची रीत अशी होती. बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात चिठ्ठ्या टाकायच्या आणि ज्याला जे काम निघेल त्याने सहा आठवडे तेच करायचं. त्या दोन तासांत कोणाला नावाने हाक मारायची नाही, कामानेच मारायची. "ए मोजणीदार, पट्टी कुठे ठेवलीस?" "अहो हवामानवाले, खिडकीतून पाणी आत येतंय, निदान एवढा तरी अंदाज सांगा!" पोरं खिदळत, पण दोन-तीन गुरुवारांतच चालायला लागली अशी ऐटीत, की जणू पगारच सुरू झालाय.

पुलाचं काम वर्गातल्या सगळ्यात बडबड्या मुलीला निघालं. ती पूलवाली. आणि जी चिठ्ठी कोणालाच नको होती ती गेली शेवटच्या बाकावर बसणाऱ्या रंगाऱ्याच्या मुलीकडे. त्या चिठ्ठीवर लिहिलं होतं तपासनीस. "म्हणजे चहाडखोरच की!" असं कोणीतरी म्हणालं आणि वर्ग हसला. बाईंनी हसू संपू दिलं आणि भिंतीवर मोठ्या अक्षरांत कागद लावला: तपासनिसाच्या सहीशिवाय काहीही उभं राहणार नाही. मग तिला पायऱ्या शिकवल्या. आधी वजन करायचं, मग नीट बघायचं, जे दिसलं ते लिहायचं, सगळ्यांसमोर वाचायचं आणि शेवटी सही. पटलं नाही तर सही नाही. समोर कोणीही असो.

पोरीने ते मनावर घेतलं. दुसऱ्याच गुरुवारी तिने बाईंचा स्वतःचा तापमापक टेबलावर आणून ठेवला आणि म्हणाली, "बाई, हा दोन अंश खोटं सांगतो." बाई इतक्या खूश झाल्या, की त्या दिवशी त्यांनी घरी दोनदा हीच गोष्ट सांगितली.

पण यंदा बाईंच्या नाकी नऊ आले होते. आठवीला विज्ञानाची तुकडी ठेवायची की बंद करायची हे शाळेच्या मंडळाने ठरवायचं होतं, आणि मंडळाच्या साहेबांना आकड्यापलीकडे काही दिसत नसे. त्यांनी सांगून टाकलं, सहाव्या गुरुवारी पालकांना बोलवा, पोरांचं काम दाखवा आणि पाच वाजायच्या आत वीस पालकांच्या सह्या माझ्या हातात द्या. एकोणीस झाल्या तरी तुकडी बंद, आणि प्रयोगशाळेत मोडकी बाकं भरू. तुकडी बंद म्हणजे विज्ञानासाठी शहराच्या दुसऱ्या टोकाची शाळा, दोन बस बदलून. मुलांना कोणी पाठवेलही. मुलींना कोण पाठवतंय!

रंगाऱ्याने तर तोंडावर सांगितलं होतं. माणूस वाईट नव्हता. फाटकाशी बाईंना गाठून, डोक्याचा रुमाल काढून म्हणाला, "बाई, इथे तुकडी निघाली तर शिकवीन. नाही निघाली तर तिच्या आत्याचा शिवणाचा कारखाना आहे, काज-बटणाला बसेल. दोन बस बदलून एवढीशी पोर पाठवायला माझा जीव होत नाही." पोरगी बाजूलाच उभी होती, चपलेच्या पट्ट्याकडे बघत. बाईंना तेव्हापासून घास गोड लागेना.

त्यात गेल्या वर्षीची फजिती. गेल्या वर्षीही पालकांना बोलावलं होतं आणि पुलाने तिसऱ्याच पिशवीला मान टाकली होती. हात दाखवून अवलक्षण! एक आजोबा तर म्हणाले होते, "अशा पुलावरून जायचं असेल तर आमची नात पोहायला शिकलेली बरी." सगळे पोट धरून हसले, सह्या झाल्या आठ, आणि मोठ्या बाईंनी मंडळाच्या हातापाया पडून एक वर्ष मागून घेतलं होतं. आता मागायला काही उरलं नव्हतं.

यंदाचा पूल खरं म्हणजे चांगला होता. जुन्या वर्तमानपत्रांच्या घट्ट सुरळ्या, त्रिकोणात जोडलेल्या, खळीने चिकटवलेल्या. दोन टेबलांत दोन फुटांची फट, त्यावर पूल, आणि पुलाला वाळूच्या एकेक किलोच्या पिशव्या टांगायच्या. चौथ्या आठवड्यात एका पुलाने चक्क पंधरा पिशव्या पेलल्या होत्या. क्षणभरच पेलल्या, पण पेलल्या. बाई तशाच धावत ऑफिसात गेल्या आणि मोठ्या बाईंना सांगून बसल्या. आनंदात माणसाने तोंड उघडू नये ते याचसाठी. मोठ्या बाईंनी निमंत्रणावर छापून टाकलं: कागदाचा पूल पंधरा किलो वजन पेलणार. पत्रं घरोघर गेलीसुद्धा.

आणि हवा फिरली. तीन दिवस नुसता ओलावा, भिंतींना हात लावला तरी गार. सहाव्या गुरुवारी सकाळी पालकांसाठी बांधलेल्या दोन पुलांपैकी एक तपासून पाहिला, तर नऊ पेलून दहाव्या पिशवीला तो मधोमध मोडला. पूलवाली हमसून हमसून रडली. बाईंनी तिची समजूत काढली, सगळ्या पोरांना डबे खायला बाहेर पाठवलं आणि दार लावून घेतलं.

  तीन वाजता पालक येणार, दहाव्या पिशवीला पूल मोडणार, तेच आजोबा तेच हसणार. बाईंची नजर कपाटाकडे गेली. कपाटात एक सायकलचं चाक होतं, फिरणाऱ्या चाकाचे प्रयोग दाखवायला आणलेलं. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात. बाईंना स्पोकचा मिळाला. त्यांनी पकडीने आठ स्पोक कापले आणि पुलाच्या खालच्या सुरळ्यांत सरकवले. बेटे गेलेही इतके सरळ, की जागा त्यांच्यासाठीच ठेवली होती. टोकांना कागद लावला, वर खळ फिरवली.  "एकदाच," त्या स्वतःशी म्हणाल्या. "तुकडी निघू दे, मग वर्षभर खरंच शिकवीन." वा रे वा! चोरी करताना पुण्याचं वायदेपत्र.

डब्याची सुट्टी संपायला दहा मिनिटं असताना तपासनीस आली. तिने पूल उचलला, कोपऱ्यातल्या काट्यावर ठेवला, वही उघडली आणि तिथेच थबकली. मग पुन्हा ठेवला. मग काट्यावर किलोचं माप ठेवून बघितलं, काढलं, पुन्हा पूल ठेवला.

"बाई, काल हा तीनशे चाळीस ग्रॅम भरला होता," ती म्हणाली. "आज तीनशे ब्याण्णव भरतोय."

बाईंच्या तोंडचं पाणी पळालं. वजन! सुरळीच्या टोकाला लावलेला कागद दिसू नये म्हणून जिवाचा आटापिटा केला, आणि आपणच शिकवलेली पहिली पायरी आपणच विसरलो.

"ओल धरली असेल गं," बाई म्हणाल्या. "हवा बघतेस ना कशी आहे."

"मलाही तसंच वाटलं." ती जरा विचारात पडली. "पण बाई, एवढी ओल धरली असेल तर खळ सुटेल. मग तो नऊसुद्धा पेलणार नाही. मी सही कशी करू?"

"काटा बिघडला असेल."

"माप ठेवून बघितलं. बरोबर आहे." तिने वर पाहिलं. "बावन्न ग्रॅम कुठून आले, बाई?"

तिच्या मनात संशय नव्हता, हेच तर अवघड होतं. ती खरंच विचारत होती, कारण अडलं की बाईंना विचारायचं, बाईंना माहीत असतं, एवढं तिला ठाऊक होतं. बाईंनी सांगून टाकलं. आत स्पोक आहेत. मी घातले.

पोरीने पूल काट्यावरून उतरवला. "मग हा कागदाचा पूल नाही."

"नाही."

"मग मी सही नाही करणार," ती म्हणाली, अगदी साध्या आवाजात, घंटा झाली असं सांगावं तसं.

अडला हरी म्हणतात तो असा. पन्नाशीला टेकलेल्या बाई पोरांच्या ठेंगण्या बाकावर बसल्या आणि त्यांनी त्या बारा वर्षांच्या मुलीचे दोन्ही हात धरले. "अगं, वीस सह्या हव्यात. वीस! पूल मोडला तर पाचसुद्धा होणार नाहीत. तुझे बाबा काय म्हणाले ते विसरलीस? काज-बटणाला बसायचंय तुला? तुझ्यासारखी पोर मी एवढ्या वर्षांत पाहिली नाही गं. मी तुझ्यासाठीच करतेय हे." ते शेवटचं वाक्य अगदीच खोटं नव्हतं, आणि अगदी खरंही नव्हतं. तुकडी बंद झाली की बाईंची रवानगी पुस्तकांच्या खोलीत होणार होती, पुस्तकांना नंबर चिकटवायला. त्याची धास्ती त्यांनी कोणाजवळ बोलून दाखवली नव्हती.

"पण तुम्हीच सांगितलंत ना, समोर कोणीही असलं तरी..."

"सांगितलं गं, सांगितलं!" बाई म्हणाल्या, आणि त्यांना रडू फुटलं. आवरेचना. मोठं माणूस रडायला लागलं की लहान माणसाचा धीरच सुटतो. पोरीने आधी दाराकडे पाहिलं, मग बाईंकडे, मग स्वतःचा रुमाल काढून बाईंच्या हातात दिला.

"रडू नका ना बाई. करते मी सही."

तीनला पालक आले. हवामानवाल्याने आपला तक्ता दाखवला, मोजणीदाराने मैदानाचा नकाशा दाखवला, पाणी तपासणाऱ्या दोघींनी गढूळ पाणी गाळून दाखवलं. पालक मान डोलवत होते, जांभया देत होते, आणि पुलाची वाट बघत होते. पुढच्या रांगेत ते आजोबा हात चोळत बसले होते. खुर्ची मिळाली नाही म्हणून रंगारी दारापाशी उभा होता, कामावरून तसाच आलेला, कोपरापर्यंत पांढरा. साहेब मध्यभागी, आणि त्यांच्या बाजूला मोठ्या बाई फॉर्मचा गठ्ठा मांडीवर घेऊन.

"तपासनीस, अहवाल वाच," बाई म्हणाल्या. स्वतःचाच आवाज त्यांना परका वाटला.

पोरगी उभी राहिली. तिने कागद छातीपाशी धरला.  ती स्पष्ट, न अडखळता म्हणाली, "वजन तीनशे चाळीस ग्रॅम. कागद आणि खळ. आत दुसरं काही नाही. पंधरा किलो टांगायला हरकत नाही."

एक, दोन, तीन. नवव्या पिशवीनंतर पूलवालीने डोळे गच्च मिटले. दहा. बारा. पंधरा! पूल ढिम्म हलला नाही. "अजून लावा!" कोणाचा तरी बाप ओरडला, आणि अठरा झाल्या, वीस झाल्या. आजोबा उठून उभे राहिले आणि म्हणाले, "शाबास गं पोरी, आता जाईन मी या पुलावरून!" पूलवाली आनंदाने नाचत होती. माझा हिशोब बरोबर निघाला, मी मोठेपणी पूलच बांधणार, असं ज्याला त्याला सांगत सुटली होती. तिला कोण सांगणार होतं, की तिचा हिशोब नऊलाच संपला होता?

फॉर्मवर सह्या पडायला लागल्या. बारा, सोळा, एकोणीस. विसावी सही रंगाऱ्याची. त्याने आधी हात पँटला पुसले आणि मग कागद खराब होऊ नये म्हणून मनगट अधांतरी धरून सही केली. त्यानंतर आणखी तीन. मोठ्या बाईंनी लांबूनच बोटांनी खूण केली: तेवीस. बाईंचा जीव भांड्यात पडायला हवा होता. पडला नाही. कुठेतरी वरच अडकून राहिला.

"उत्तम," साहेब म्हणाले. "त्या मुलीचा अहवाल द्या. फायलीला लावतो. काय खणखणीत वाचलं हो!"

बाईंनी पोरीच्या हातून कागद घेतला आणि देता देता त्यावर नजर टाकली. वजन ३९२ ग्रॅम, असं त्यावर लिहिलं होतं. कालच्यापेक्षा ५२ ग्रॅम जास्त. आत सायकलचे स्पोक आहेत. बाईंनी घातले. खाली तिची सही, तारीख, सगळं जिथल्या तिथे. तोंडाने खोटं बोलली होती, पण हाताने तिला खोटं लिहिता आलं नव्हतं.

पोरगी जवळ सरकली. ओठ फारसे न हलवता, भराभर कुजबुजली, "बाई, तो खिशात घाला. साहेबांना सांगा कागदाला खळ लागलीय, साफ करून देते. मी दुसरा लिहिते, याच पेनाने. कोणाला कळणार नाही."

बाईंच्या अंगावर काटा आला. दुपारी या पोरीला साधी ओलीची सबबसुद्धा पटत नव्हती. आणि आता, चार तासांच्या आत, पेनासकट सगळा बेत तयार! किती लवकर शिकली. हुशारच होती ती. जे शिकवाल ते शिकणार. आणि हे आपण शिकवलं. बाईंना स्वतःची किळस आली.

त्यांनी कागद साहेबांना दिला नाही. सगळ्यांसमोर उभ्या राहून तो जसाच्या तसा वाचला, आणि मग पुलाची सुरळी फाडून स्पोक टेबलावर ओतले.

पुढचं काय सांगायचं! आधी कोणाला कळेना, मग एकदम गलका झाला. "फसवणूक आहे ही." "पोरांच्या देखत!" "आणि ही म्हणे विज्ञान शिकवणार." आजोबा मात्र हसले नाहीत. त्यांनी गठ्ठ्यातून आपला फॉर्म शोधून काढला, त्यावर आडवी रेघ मारली आणि पेन पुढच्याच्या हातात दिलं. पूलवालीने बाईंकडे एकदाच पाहिलं आणि आईच्या पदरात तोंड खुपसलं. साहेबांनी उरलेले फॉर्म मोजले. अकरा. "वीस म्हणजे वीस," ते म्हणाले, आणि टोपी उचलून निघाले. मोठ्या बाई त्यांच्या मागे धावल्या, पण त्या धावण्यात काही दम नव्हता.

रंगाऱ्याने आपल्या फॉर्मवर रेघ मारली नव्हती. तो बाईंपाशी आला आणि खाली बघत म्हणाला, "खरं सांगितलंत ते बरं केलंत, बाई." त्यांचा अपमान करायचा नव्हता त्याला. पण मुलीचं दप्तर त्याने स्वतःच्या खांद्यावर घेतलं, आणि ते ज्या तऱ्हेने घेतलं त्यावरूनच कळलं, की आता ते पुन्हा इथे यायचं नाही. तो व्हरांड्यात जाऊन थांबला.

पोरगी मागे राहिली होती. बाई तिच्यासमोर वाकल्या. "रागावलीस माझ्यावर?"

तिने मान हलवली. नाही म्हणून. मग तिचा चेहरा वेडावाकडा झाला. "मी एवढ्या लोकांसमोर खोटं बोलले. बाबांसमोर बोलले. तुमच्यासाठी."

"अगं, म्हणूनच मी..."

"बाबा नऊलासुद्धा सही करणार होते," ती म्हणाली. "मी काल विचारलं होतं त्यांना. हवा ओली आहे, पंधरा नाही, नऊ-दहाच पेलले तरी चालेल का? तर म्हणाले, कागदाच्या पुलाने नऊ किलो पेलले तर आणखी काय पाहिजे?" तिने नाक पुसलं. "आणखी कोणाकोणाचे बाबा पण म्हणाले असते. आपण विचारलंच नाही ना."

बाईंनी तिचा हात धरायला हात पुढे केला. तिने आपले हात मागे घेतले.

"खरंच बोलायचं होतं तर दुपारी बोलायचं ना, बाई," ती म्हणाली. "दुपारी मी नाहीच म्हणत होते."

व्हरांड्यातून बापाने हाक मारली. ती वळली आणि गेली. बाईंच्या तोंडून "हो गं" एवढंच निघालं, तेही ती जिना उतरून गेल्यावर.